चिलटांची नोंदवही नाशिकला हवी

नाशिकच्या नावावर विज्ञानात एक नोंद आहे. ती द्राक्षाची नाही, कांद्याची नाही, गोदावरीचीही नाही. ती चिलटांची आहे. बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रणवीर सिंह आणि बी. एन. सिंह यांचा एक निबंध २००७ साली 'जेनेटिकल रिसर्च' या नियतकालिकात छापून आला. जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत आणि द्वारकेपासून इंफाळपर्यंत देशातल्या ४५ ठिकाणची चिलटं त्यांनी तपासली होती. त्या यादीत पणजी आणि मडगाव आहेत, मुंबई आहे, शिर्डी आहे आणि नाशिकही आहे. आपल्या गावाचं नाव कुठेही छापून आलं तरी कात्रण काढून ठेवणारी आपण माणसं. पण या नोंदीची गावात कुणी चर्चा केल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

चिलट म्हणजे पिकल्या केळ्यावर, रसवंतीच्या घाणीवर, चिरून ठेवलेल्या टरबुजावर घिरट्या घालणारी ती दोन-तीन मिलिमीटरची माशी. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. शेतकरी मंडळींनी इथे गल्लत करू नये. आंब्या-पेरूला डंख मारणारी, जिच्यासाठी आपण बागेत सापळे टांगतो ती फळमाशी वेगळ्या कुळातली. चिलटाला धडधाकट फळात रस नाही. त्याला आंबलेलं लागतं, म्हणजे खरं तर त्यातलं यीस्ट लागतं. सिंह गुरुशिष्यांनी निवडलेली जात होती ड्रॉसोफिला अननासी. १८५८ साली इंडोनेशियातल्या अंबोन बेटावरून तिचं पहिलं वर्णन झालं. आज माणसाच्या वस्तीला धरून राहणारी ही माशी भारतभर बाजारात सापडते.

त्यांनी पाहिलं काय, तर गुणसूत्रांतले उलटे तुकडे. या माशीच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रं अवाढव्य असतात. एकाच धाग्याच्या हजारेक प्रती एकमेकींना चिकटून राहिल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांवरचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. मनमाडहून गाडी निघाली की लासलगाव, निफाड, कसबे सुकेणे आणि मग नाशिकरोड असा क्रम आपल्याला पाठ आहे. समजा, एखाद्या गाडीला मनमाडनंतर कसबे सुकेणे, मग निफाड, मग लासलगाव आणि मग नाशिकरोड लागलं, तर स्टेशनं तीच, पण मधला रूळ उचलून उलटा बसवलाय हे प्रवाशाला लगेच कळेल. गुणसूत्रांत नेमकं हेच घडलेलं असतं. अननासीमध्ये असे तीन उलटे तुकडे जगभर आढळतात. अल्फा, डेल्टा आणि ईटा ही त्यांची नावं. उलटा आणि सुलटा तुकडा एकाच माशीत एकत्र आले, की त्या पट्ट्यातल्या जनुकांची सरमिसळ जवळपास थांबते आणि तिथली जनुकं गठ्ठ्यानं पुढच्या पिढीकडे जातात. एखाद्या गावच्या हवेला एखादा गठ्ठा मानवला तर तो तिथे वाढतो, दुसरीकडे तो मागे पडतो. ४५ गावांत या तुकड्यांचं प्रमाण वेगवेगळं निघालं. ज्या प्रदेशांचं हवामान आणि भूगोल जुळतो तिथल्या माशा एकमेकींना जास्त जवळच्या निघाल्या. रेल्वेनं, ट्रकनं फळांच्या पेट्यांबरोबर देशभर फुकट प्रवास करणारा हा जीव. तरीही प्रत्येक गावाची त्याच्यावरची खूण पुसली गेलेली नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, असं कुणी विचारील. मी निफाड तालुक्यातला. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, नाशिकच्या एका कॉलेजात काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आणि थोरले बंधू गेल्यावर बाग सांभाळायला घरी आलो. गावात मला अजून मास्तर म्हणतात. ड्रॉसोफिलावर मी बोलायला लागलो की शेजारचे नाना विचारतात, "मास्तर, चिलटं मोजून एकरी किती निघतील?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी पुढे देणार आहे. आधी बागेबद्दल.

माझ्या बागेतले सगळे वेल हे खरं तर एकच वेल आहे. थॉमसन सीडलेसला रुजण्याजोगं बी नाही, म्हणून काडी कापायची आणि कलम भरायचं. खाली डॉगरिजचा खुंट, तोही काडीनंच वाढवलेला. म्हणजे जमिनीखाली एक जनुकसंच, जमिनीवर दुसरा, आणि हीच जोडी या शेतापासून त्या शिवारापर्यंत. सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश अशी नावं घेऊन आम्ही वाणांच्या गप्पा मारतो. पण ही सगळी थॉमसनच्याच कुळातली. कुणा शेतकऱ्याच्या नजरेला एखादी फांदी वेगळी दिसली, तिचा मणी लांबट किंवा मोठा दिसला, त्यानं तिची काडी वेगळी लावली आणि वाण तयार झाला. ज्यांनी हे केलं त्यांच्या नजरेला मी हात जोडतो. निसर्गातला फरक ओळखून तो धरून ठेवणं, हे प्रयोगशाळेशिवाय केलेलं आनुवंशशास्त्रच आहे. पण फरक शोधायला त्यांच्यापुढे होता तो एकाच वेलीत चुकून घडलेला बदल. त्यापलीकडचं वैविध्य आम्ही काडी लावतानाच बाहेर ठेवलेलं होतं.

दुसऱ्या बाजूला बागेतली बुरशी बघा. डावणी या द्राक्षरोगाची बुरशी काडीनं लावली जात नाही. ती बीजाणूंनी पसरते आणि तिच्यात लैंगिक पिढीही असते. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं आली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आज या औषधांना दाद न देणारी डावणी महाराष्ट्राच्या बागांतून नोंदली गेली आहे. त्यामागे बुरशीच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. औषधानं ते अक्षर बदललं असं नव्हे. अफाट संख्येत कुठेतरी तो फरक असतो किंवा सहज उपजतो, आणि फवारणी बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान करून देते. वैविध्य शत्रूच्या बाजूला आणि एकसारखेपणा आपल्या बाजूला, अशी ही लढाई आहे. ती आम्ही एप्रिलच्या खरड छाटणीपासून माल उतरेपर्यंत दरवर्षी लढतो, आणि खर्चाचा आकडा वर चढला की व्यापाऱ्याच्या, सरकारच्या आणि हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणून मला चिलटं महत्त्वाची वाटतात. वैविध्य म्हणजे काय, ते कुठून येतं, ते हवेनुसार आणि ऋतूनुसार कसं हलतं, हे डोळ्यांनी बघायला याहून स्वस्त आणि झटपट प्राणी नाही. २५ अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला दहाएक दिवस पुरतात. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. टी. एच. मॉर्गन यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१० साली लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात याचा पुरावा त्यातून उभा राहिला, हे बी.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. त्यानंतरची कथा मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच जास्त रंगतदार वाटते. मॉर्गन यांच्या बाटल्यांतल्या माशा घरच्या होत्या. बाहेरच्या, रानातल्या माशांत काय दडलंय हा प्रश्न रशियातल्या सर्गेई चेतवेरिकोव्ह यांनी विचारला. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या रानमाशांत किती तरी उत्परिवर्तनं झाकून राहिलेली असतात, असा त्यांचा १९२६ सालचा सिद्धांत. १९२९ साली त्यांना अटक झाली आणि मॉस्कोतून हद्दपार करण्यात आलं. १९२७ साली अमेरिकेत गेलेल्या थिओडोसियस डोबझान्स्की यांनी तिथल्या डोंगरांतल्या माशांचे उलटे तुकडे वर्षानुवर्षं मोजून हा विचार पुढे नेला. बनारसच्या निबंधाची वंशावळ ही अशी.

आता नाशिकच्या जिव्हाळ्याचा भाग. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात ताबिल्क नावाची जुनी वायनरी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकेन्झी आणि पार्सन्स या दोन शास्त्रज्ञांनी तिथल्या तळघरात आणि तळघराबाहेर चिलटं पकडली. मद्याच्या वाफांनी भरलेल्या तळघरात ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर सापडायची. तिची अगदी जवळची बहीण सिम्युलन्स मात्र बाहेरच राहायची. दोघी दिसायला इतक्या सारख्या की माद्या ओळखताना तज्ज्ञही अडखळतात, पण अल्कोहोल पचवण्याची ताकद एकीत जास्त आणि दुसरीत कमी. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. एकट्या मेलानोगॅस्टरमध्येही तळघरातल्या माशांची पिल्लावळ बाहेरच्यांपेक्षा जास्त अल्कोहोल सोसणारी निघाली. मध्ये डोंगर नाही, नदी नाही, भिंत आणि दरवाजा तेवढा आहे. तेवढ्या अंतरात नैसर्गिक निवड काम करून गेली होती.

कारण शोधताना सगळ्यांची नजर आधी एका जनुकाकडे गेली. अल्कोहोल मोडणारं वितंचक, अल्कोहोल डीहायड्रोजनेज, बनवणारं हे जनुक. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, वेगवान आणि मंद. नावं पडली ती जेलच्या थरातून प्रथिन किती भरभर सरकतं यावरून, पण वेगवान प्रकार अल्कोहोलही जास्त जोमानं मोडतो. तळघरात तोच जास्त असणार असा सरळ हिशेब होता. ताबिल्कमध्ये तो हिशेब जुळला नाही. सोसण्याची ताकद वाढलेली, पण दोन्ही प्रकारांचं प्रमाण आत-बाहेर सारखंच. म्हणजे ही ताकद एका जनुकाची नव्हे, अनेक जनुकांच्या थोड्या-थोड्या वाट्याची. मला हा निष्कर्ष फार आवडतो, कारण वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळणाऱ्या 'मधुमेहाचं जनुक सापडलं', 'बुद्धीचं जनुक सापडलं' अशा मथळ्यांना त्यातून परस्पर उत्तर मिळतं.

याच जनुकानं दुसरा धडा दिला. १९८३ साली मार्टिन क्राइटमन यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या माशांतून या जनुकाच्या ११ प्रती घेतल्या आणि त्यांचा डीएनए अक्षर न अक्षर वाचला. तेव्हा हे काम हातानं, महिनोन्‌महिने चालायचं. ४३ जागी फरक निघाले. त्यांतले ४२ प्रथिनात काहीही बदल न करणारे. प्रथिन बदलणारा फरक एकच, तोच वेगवान आणि मंद यांच्यातला. निसर्गात फरक भरपूर चालतात, पण कामावर परिणाम करणारा फरक उपजला की निवड त्याला कडक चाळणीतून गाळून काढते, असा अर्थ त्यातून लागला.

पुढे यंत्रं आली आणि सगळाच डीएनए वाचता येऊ लागला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात रॅले नावाचं शहर आहे. तिथल्या शेतकरी बाजारातून ट्रुडी मॅके यांच्या गटानं माद्या पकडल्या, प्रत्येकीची पिल्लावळ वेगळी ठेवली आणि वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचा संकर करून एकेक वंश आतून जवळपास एकसारखा करून टाकला. २०१२ साली 'नेचर'मध्ये त्यांनी अशा १६८ वंशांचा डीएनए जाहीर केला. एका बाजारातल्या माशांत एकेका अक्षराचे सुमारे ४६ लाख फरक. पुढे वंशांची संख्या २०५ झाली. जगातला कुणीही संशोधक ते मागवू शकतो आणि उपासमार, झोप, अल्कोहोल, कीटकनाशक अशा कशाचीही परीक्षा त्यांच्यावर घेऊ शकतो. हे वाचताना माझ्या मनात बागच होती. आम्ही काडीनं जे करतो, म्हणजे एकसारखेपणा पक्का करणं, तेच त्यांनी बाटलीत संकरानं केलं. फक्त त्यांनी २०५ वंश ठेवले, आम्ही एक ठेवला.

आता नानांच्या प्रश्नाकडे. उपयोग काय?

पहिला उपयोग हवामानाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उष्ण उत्तरेकडून थंड दक्षिणेकडे जाताना अल्कोहोल मोडणाऱ्या त्याच जनुकाच्या वेगवान प्रकाराचं प्रमाण पायरीपायरीनं वाढतं. २००५ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात वीसेक वर्षांपूर्वीच्या नोंदी आणि नव्या नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या. सगळी उतरंडच सरकली होती, आणि ती अक्षांशाच्या चार अंशांइतकी. नकाशावर नाशिकपासून खाली चार अंश मोजले तर आपण बेळगावला पोचतो. म्हणजे जणू बेळगावच्या माशांचे गुण वीस वर्षांत नाशिकला येऊन राहिले. हे कळलं ते कुणीतरी वीस वर्षांपूर्वी मोजून ठेवलं होतं म्हणून. मोजणारा तेव्हा हवामानबदलाचा विचारही करत नसेल.

भारतातही असे उतार आहेत. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात रवी प्रकाश यांच्या गटानं फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली दाखवून दिलं, की दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना चिलटांची कोरडेपणा सोसण्याची ताकद वाढते आणि उपासमार सोसण्याची ताकद घटते. एक नव्हे, तीन जातींत हेच दिसलं. त्यांतली एक होती झाप्रिओनस इंडियानस, डोक्यापासून पाठीवर पांढऱ्या रेघा ओढलेली. आफ्रिकेतून आलेल्या या माशीचं शास्त्रीय वर्णन १९७० साली भारतात झालं म्हणून तिच्या नावात इंडिया. पुढे ती ब्राझीलला पोचली आणि १९९९च्या सुमारास साओ पावलो प्रांतातल्या अंजिरांचं तिनं बरंच नुकसान केलं. पुरंदरच्या अंजीरवाल्यांनी घाबरून जाऊ नये, पण लक्ष असू द्यावं.

दुसरा उपयोग औषधांचा. डीडीटीला न जुमानणाऱ्या चिलटांत एका जनुकाशेजारी डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसलेला असतो आणि त्यामुळे विष मोडणारं वितंचक जास्त बनतं, हे २००२ साली सिद्ध झालं. तो फरक जगभरच्या चिलटांत पसरला आहे. चिलटांवर कुणी मुद्दाम डीडीटी मारत नव्हतं. ती वाटेत सापडली होती. आपल्या बागांत जे फवारलं जातं त्याच्या वाटेतही ती आहेतच. कुठली फवारणी निसर्गात किती खोलवर पोचली हे सांगणारा साक्षीदार आपल्या सडक्या मण्यांवर बसलेला असतो.

तिसरा उपयोग पाहुण्यांचा. ड्रॉसोफिला सुझुकी या आशियाई जातीच्या मादीच्या अंडी घालायच्या नळीचं टोक करवतीसारखं असतं. ती सडलेल्या नव्हे, पिकत आलेल्या धडधाकट फळात अंडी घालते. २००८ साली ती कॅलिफोर्नियात आणि युरोपात एकाच वर्षी आढळली आणि बेरीवर्गी फळांच्या शेतकऱ्यांची झोप उडाली. रोजच्या माशांची ओळख असणारा माणूस जिथे हजर असतो तिथे नवी माशी लवकर पकडली जाते. जिथे तो नसतो तिथे ती आधी नुकसान करते आणि मग तिची बातमी येते.

ऋतूंची गोष्ट तर खास आपल्यासाठी. पेनसिल्व्हेनियातल्या एका फळबागेत वसंतात आणि शरदात लागोपाठ काही वर्षं माशा पकडून त्यांचा डीएनए वाचला गेला. २०१४ साली निष्कर्ष आला, की शेकडो जागी जनुकप्रकारांचं प्रमाण ऋतूबरोबर हेलकावे खातं, थंडीत एकीकडे आणि उन्हाळ्यानंतर दुसरीकडे. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम असं आपण शिकवतो, इथे ती वर्षभरात ये-जा करताना दिसली. आता निफाड घ्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की दर हिवाळ्यात राज्यभर बातमी होते, आणि त्याच शिवारात मे महिन्यात अंगाची काहिली होते. मध्ये चार महिने पाऊस. एवढी टोकं असलेल्या तालुक्यात चिलटांचे हेलकावे कसे असतील? पेनसिल्व्हेनियाला बर्फ असतो, आपल्याला मान्सून आहे. तिथलं उत्तर उचलून इथे चालणार नाही.

बनारसच्या यादीतली नाशिकची नोंद मोलाची आहे, पण ती एका वेळेची आहे. तिचं मोल खरं वाढेल ते तिच्याशेजारी पुढच्या वर्षांच्या नोंदी बसल्या तर. माझं म्हणणं एवढंच आहे, की ते काम नाशिकनं स्वतः करावं.

खर्चाचं कारण इथे टिकत नाही. सडकं केळं टाकलेली बाटली आणि तिच्या तोंडाला कागदाचा नरसाळा, हा झाला सापळा. पाळायला रवा, गूळ, आगर, वरून यीस्ट आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. म्हैसूर विद्यापीठात पिढ्यानपिढ्या विद्यार्थी रव्या-गुळाच्या या अन्नावर माशा वाढवत आले. आज आमच्या भागातल्या कॉलेजांत जैवतंत्रज्ञानाच्या नावानं महागडी किटं येतात. पुड्यातलं द्रावण पुड्यातल्या द्रावणात ओतून उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग होतो, जर्नलावर सही होते आणि किट संपतं. मुलांनी बाजारात जाऊन स्वतः पकडलेल्या, कुणीच आधी न तपासलेल्या जिवावर काम केलं तर निकाल प्राध्यापकांनाही ठाऊक नसेल. माझ्या मते विज्ञान शिकवायची खरी सुरुवात तिथून होते. मार्गदर्शन हवं असेल तर तेही लांब नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सुतीर्थ डे यांचा गट ड्रॉसोफिलाच्या समूहांवरच काम करतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीच्या गंधज्ञानावर दशकानुदशकं संशोधन केलं.

शाळांनाही यात जागा आहे. एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली तेव्हा देशभर ओरड झाली, आणि ती योग्यच होती. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. पण तो शिकवला जातो गॅलापागोसच्या आणि जिराफाच्या चित्रांवर. गॅलापागोसला जाणं कुणाच्या खिशाला परवडणारं नाही, पंचवटीतल्या बाजार समितीच्या आवारात जायला सिटी बस आहे.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगतो. जागा चारच ठरवाव्यात, पण त्या बदलू नयेत. एक बाजार समितीचं आवार, एक निफाडकडची बाग, एक गोदाकाठचा निर्माल्याचा परिसर आणि एक वायनरी, आत आणि बाहेर अशी दोन्हीकडे. वर्षातून निदान दोनदा, थंडीच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर, ठरलेल्या आठवड्यात सापळे लावावेत. जाती मोजाव्यात, नर-मादी मोजाव्यात, अननासीचे उलटे तुकडे जमतील तेवढे बघावेत आणि उरलेल्या माशा अल्कोहोलात बुडवून तारखेची चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. डीएनए आज वाचायचा पैसा नसेल तर नसू द्या. दहा वर्षांनी तो आणखी स्वस्त झालेला असेल, पण या वर्षीच्या माशा तेव्हा पकडता येणार नाहीत.

२०२६-२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. माणसांची, गाड्यांची, पाण्याची मोजदाद करायला यंत्रणा उभ्या राहत आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून फळांच्या आणि फुलांच्या राशी येतील आणि त्यांबरोबर परगावची चिलटंही येतील. ती इथल्यांत मिसळतील की हंगामानंतर विरून जातील, याचं उत्तर मिळवायचं तर पर्वणीच्या आधीचे नमुने हातात असायला हवेत. ही संधी पुन्हा बारा वर्षांनी.

नाशिकच्या प्राणिशास्त्र विभागप्रमुखांना माझी विनंती आहे, की यंदाच्या प्रकल्पांची यादी नोटीस बोर्डावर लावण्याआधी त्यात हा एक विषय घाला, आणि तो एका तुकडीबरोबर संपू देऊ नका. बाजार समितीच्या सचिवांनी मुलांना आवारात बाटल्या ठेवायची परवानगी द्यावी. वायनरीवाल्यांनी हंगामात जानेवारी ते मार्च तळघराचं दार थोडं उघडावं आणि चोथ्याच्या ढिगाजवळ एक सापळा राहू द्यावा. माझ्या बागेची जागा मी देतो, आणि नानांनीही त्यांच्या बांधावरची देऊ केली आहे.